मिचेल, जोनी

(७ नोव्हेंबर १९४३ – ). कॅनेडियन-अमेरिकन गीतकार, संगीतरचनाकार व गायिका. मूळ नाव रॉबर्टा जोन अँडरसन. जन्म कॅनडातील अल्बर्टा प्रांतात फोर्ट मॅक्लाउड येथे. बालपणी झालेल्या पोलिओमुळे तिचा डावा हात दुबळा झाला. गिटारवरील रूढ स्वरबंध त्या हाताने धरणे अवघड असल्याने ती तारा निरनिराळ्या रीतींनी जुळवू लागली. त्यातून निर्माण झालेली अनपेक्षित स्वरसंगती हे तिच्या संगीताचे व्यवच्छेदक लक्षण ठरले.

जूडी कॉलिन्झने गायिलेल्या ‘बोथ साइड्स नाऊ’ या गीताने मिचेलला प्रथम गीतकार म्हणून ख्याती मिळवून दिली. साँग टू अ सीगल (१९६८) ही तिची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका. आत्मनिवेदनपर गीतरचनेचा परमोत्कर्ष ब्लू (१९७१) मध्ये आढळतो. प्रेम, विरह आणि स्वातंत्र्याची ओढ यांतील ताण तीत मोजक्या वाद्यांच्या साथीने व्यक्त झाला आहे. तथापि या गीतांना केवळ खाजगी आयुष्याचा कबुलीजबाब मानणे अपुरे होय. ‘लिटल ग्रीन’ हे त्यातील गीत तिने दत्तक दिलेल्या मुलीविषयी आहे. परंतु ही गोष्ट १९९० नंतरच्या दशकात उघड झाली. तोवर श्रोत्यांना ते भिडले, ते चरित्राच्या आधाराविना. तिचे आत्मनिवेदन अशा रीतीने स्वररचनेच्या शिस्तीतून सार्वत्रिक होते.

कोर्ट अँड स्पार्क (१९७४) पासून ती जॅझकडे वळली. द हिसिंग ऑफ समर लॉन्स (१९७५) मध्ये ‘मी’ऐवजी उपनगरीय संपन्नतेत कोंडलेल्या स्त्रिया केंद्रस्थानी आल्या. हेजिरा (१९७६) मध्ये प्रवास आणि एकाकीपणा यांचे चिंतन असून जॅको पास्टोरिअसच्या बेस गिटारने त्याला गहिरेपणा दिला आहे. जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगस याच्या सहकार्यातून मिंगस (१९७९) ही ध्वनिमुद्रिका सिद्ध झाली. आत्मपर गीतांची अपेक्षा बाळगणारे अनेक चाहते या काळात दुरावले; तिची संगीतदृष्टी मात्र विस्तारली. डॉग ईट डॉग (१९८५) मधील समाजटीका त्या मानाने उपदेशाकडे झुकते.

‘बोथ साइड्स नाऊ’ हे गीत तिने स्वतः १९६९ मध्ये गायिले व २००० मध्ये वाद्यवृंदासह पुन्हा ध्वनिमुद्रित केले. तरुण स्वरात जे अनुमान वाटते, तेच खालावलेल्या, जड आवाजात अनुभव होऊन येते. मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकारामुळे २०१५ मध्ये तिला बोलणे व चालणे पुन्हा शिकावे लागले. २०२२ मध्ये न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात ती अनपेक्षितपणे गायिली. त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेस २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार लाभला.