पुसता येणारे मरण आणि अटळ मरण

इन्फिनिटी वॉर्ड या अमेरिकी कंपनीने २००७ साली सिद्ध केलेला ‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’ हा युद्धविषयक व्हिडिओ गेम चार काठिण्यपातळ्यांवर खेळता येतो. कथानक सर्वत्र एकच असले, तरी ‘व्हेटरन’ या सर्वांत कठीण पातळीवर त्याचा अर्थ पालटतो, असे येथे सुचवावयाचे आहे.

या पातळीवर मोजक्याच गोळ्यांनी खेळाडू मरतो, पडद्यावर युद्धाविषयीचे एखादे अवतरण उमटते आणि प्रसंग मागील टप्प्यापासून पुन्हा सुरू होतो. अनेक ठिकाणी कितीही शत्रू मारले तरी नवे येतच राहतात. खेळाडूने विशिष्ट अदृश्य रेषा ओलांडली की ते थांबतात. सोप्या पातळीवर सहसा लक्षात न येणारी ही रचना येथे मरून मरून पाठ करावी लागते. शौर्य म्हणून जे दिसते, ते वस्तुतः पाठांतर असते.

या पार्श्वभूमीवर सार्जंट जॅक्सनचा मृत्यू पाहावा. अणुस्फोटात कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून तो खेळाडूच्याच हातून रांगत बाहेर येतो, काही पावले टाकतो आणि मरतो. येथे कौशल्याला वाव नाही, पुनरारंभही नाही. स्वतःची कित्येक मरणे पुसून आलेल्या खेळाडूला हे मरण पुसता येत नाही. त्याच्या श्रमांची निष्फळता हाच या प्रसंगाचा आशय होय.

मात्र जॅक्सनच्या मरणाला नाव आहे. पाठ केलेल्या असंख्य शत्रूंच्या मरणांना ते नाही. कठीण पातळी त्यांना माणूस न ठेवता केवळ लक्षात ठेवण्याच्या जागा करून टाकते. या खेळाच्या शोकात्म जाणिवेची मर्यादा तेथेच दिसते.