‘ओळखलंत का मला?’ न विचारणारी चन्नम्मा

डिमेन्शिया झालेल्या माणसाला भेटायला आलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो : ‘ओळखलंत का मला?’ उत्तर आलं नाही की मग गावाचं नाव, आडनाव, ‘अहो, ताईच्या लग्नात नव्हतो का भेटलो!’ हेतू चांगलाच असतो. पण समोरच्यासाठी ती तोंडी परीक्षा असते, आणि तो तीत रोज नापास होतो. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) पुन्हा पाहताना मला सारखी ही परीक्षाच आठवत होती.

डॉ. चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हे संस्कृतचे निवृत्त, विद्वान प्राध्यापक. त्यांना अल्झायमर झालाय. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना घेऊन बाहेर पडलेली असताना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि शास्त्री त्याच्यामागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. ते तिला आई म्हणू लागतात. या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चन्नम्माच्या ममतेबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला मात्र तिचं अज्ञान जास्त महत्त्वाचं वाटतं. हे गृहस्थ पूर्वी कोण होते, हे तिला ठाऊकच नाही. त्यामुळे तुलना नाही. इराकडे मात्र आधीचे बाबा आहेत, सगळं तोंडपाठ असलेले. आत्ताच्या बाबांचं प्रत्येक वाक्य त्यांच्याशी ताडून पाहिलं जाणार, आणि कमीच भरणार. चन्नम्मापुढे फक्त समोरचा माणूस आहे. आणि हत्ती? त्याच्याकडे बघायला आठवण लागतेच कुठे!

यात भाबडेपणा नाही. लंडनमध्ये विकसित झालेली ‘कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी’ नावाची पद्धत आहे. सौम्य ते मध्यम डिमेन्शिया असलेली काही माणसं एकत्र बसतात. आठवड्यातून दोनदा, एकूण चौदा सत्रं. गाणी, जुन्या वस्तू, खाण्याचे पदार्थ, बातम्या असे विषय असतात. तिचं एक सूत्र मला फार आवडतं : माहिती विचारू नका, मत विचारा. ‘हा फोटो कुणाचा?’ याचं उत्तर चुकू शकतं. ‘ही साडी कशी वाटते?’ याचं चुकत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत अशा गटांची शिफारस केली आहे. यातलं चन्नम्माला काहीच माहीत नाही, तरी ती परीक्षा घेत नाही.

पण इथेच माझी तक्रारही आहे. चन्नम्माला शास्त्री थोड्या वेळापुरते भेटलेत. इराला ते रोज रात्री, रोज सकाळी आहेत. थकव्याशिवाय माया करणं पाहुण्याला जमतं. चित्रपट इराची ओढाताण लपवत नाही, हे त्याचं मोठेपण. तरी हातावर पोट असलेल्या बाईला ‘आई’ करून तो एक अवघड प्रश्न सोपा करतो. तिला हे काम कोण देतंय, त्याचे पैसे कोण देणार? गरिबाचं मन मोठं, असं म्हणून आपण सुटतो, आणि घरातल्या मुलीला मात्र अपराधी वाटत राहतं.

दोघींच्या मधली जागा रिकामी आहे. पुण्यात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, हास्यक्लब आहेत, बागेतले कट्टे आहेत. विसरायला लागलेला माणूस तिथून हळूच गळतो. एकच किस्सा तो तिसऱ्यांदा सांगतो, पत्त्यांत चुकीचं पान टाकतो, मंडळी एकमेकांकडे बघतात. मग घरचेच म्हणतात, नको आता, हसू होतं. खरं तर हास्यक्लबात कुणाला काय आठवावं लागतं? हात वर करायचे आणि शेजारचा हसला की हसायचं. त्यांना घरून घेऊन येणारा आणि परत सोडणारा एखादा जोडीदार तेवढा हवा. तो इराच असायला हवा असं नाही.