मायकेल डेव्हिट : बालपण आणि शिक्षण

राष्ट्रपुरुषांचीं चरित्रें लिहिणाऱ्यांस एक मोह सहसा आवरत नाहीं. नायकाच्या बालपणीं जें जें दुःख त्याच्या वाट्यास आलें, तें तें त्याच्या पुढील थोरवीची पायरी म्हणून दाखवावयाचें, आणि दारिद्र्यासारखी दुसरी पाठशाळा नाहीं असा निष्कर्ष काढून मोकळें व्हावयाचें, हा तो मोह होय. आयर्लंडचा राष्ट्रीय पुढारी मायकेल डेव्हिट याच्या बाबतींत तर या मोहास बळी पडणें फारच सोपें आहे. कारण त्याचें बालपण म्हणजे आपत्तींची एक मालिकाच होती. म्हणूनच त्या बालपणाकडे जरा चिकित्सक दृष्टीनें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डेव्हिटचा जन्म २५ मार्च १८४६ रोजीं मेयो परगण्यांतील स्ट्रेड या खेड्यांत झाला. तो काळ बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाचा व त्यांतून उद्भवलेल्या महादुष्काळाचा. खंड थकल्यामुळें १८५० सालीं जमीनदारानें या कुटुंबास घराबाहेर काढलें. निराधारांसाठीं असलेल्या सरकारी आश्रयगृहाकडे तें गेलें. परंतु तीन वर्षांवरील मुलग्यांस आईपासून वेगळें ठेवण्याचा तेथील नियम कानीं पडतांच आईनें तेथें राहण्याचें साफ नाकारलें. मायकेल त्या वेळीं चार वर्षांचा होता. पुढें हें कुटुंब समुद्र ओलांडून इंग्लंडांत, लँकेशायरमधील हॅस्लिंग्डन या गिरण्यांच्या गांवीं येऊन राहिलें. नवव्या वर्षीं मुलगा कापसाच्या गिरणींत कामास लागला. आणि ८ मे १८५७ रोजीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, यंत्राच्या दात्यांत सांपडून त्याचा उजवा हात असा चिरडला कीं, दहा दिवसांनीं तो कापून टाकावा लागला. नुकसानभरपाई म्हणून त्यास एक पैहि मिळाली नाहीं.

ही हकीगत ऐकून वाचकांचें मन द्रवल्यावांचून राहणार नाहीं. परंतु शिक्षणाच्या दृष्टीनें पाहतां खरी कथा येथून पुढें सुरू होते. हात शाबूत असता तर हा मुलगा जन्मभर गिरणींतच राबला असता, असें कोणी म्हणेल. आणि तें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. पण तेवढ्यावरून त्याच्या विद्येचें श्रेय त्या अपघातास देणें म्हणजे, जळालेलें घर शेजाऱ्यांनीं पुन्हा बांधून दिलें असतां आगीचे आभार मानण्यासारखें आहे! त्या गिरण्यांत हातपाय गमावलेलीं मुलें पुष्कळ होतीं. त्यांचीं चरित्रें कोणी लिहिलीं नाहींत.

डेव्हिटच्या वाट्यास जें अधिक आलें तें माणसांकडून आलें. जॉन डीन या तेथील एका इंग्रज कारखानदाराच्या साहाय्यानें तो वेस्लियन पंथाच्या शाळेंत गेला. कॅथॉलिक आईबापांचा आयरिश मुलगा प्रॉटेस्टंटांच्या शाळेंत शिकला, आणि तरीहि तो कॅथॉलिकच राहिला, ही गोष्ट उभयतांस भूषणावह आहे. १८६१ सालीं त्यास गांवच्या टपालकचेरींत काम मिळालें. तिचा चालक हेन्री कॉकक्रॉफ्ट छापखानाहि चालवीत असे; त्यामुळें टपालाबरोबर छपाईच्या धंद्याचीहि त्यास ओळख झाली. रात्रीं ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ या कामकऱ्यांच्या विद्यालयांत तो वर्गास जाई. चार्टिस्ट चळवळीचा इंग्रज पुढारी अर्नेस्ट जोन्स याच्या जमिनीच्या मालकीविषयींच्या जहाल विचारांची छाप त्याच्या मनावर पडली, तीहि याच गांवीं. घरच्या आठवणींनीं त्याच्यापुढें प्रश्न टाकला. परक्या गांवानें उत्तर शोधण्याचीं साधनें दिलीं. जमीनदारीचा कडवा वैरी असूनहि इंग्रज मजुराला त्यानें कधीं शत्रु मानलें नाहीं, याचें मूळ आमच्या मतें या शिक्षणांत आहे.

पुढील हकीगत प्रसिद्धच आहे. १८६५ सालीं तो फेनियन गुप्तमंडळांत शिरला. १८७० सालीं त्यास पंधरा वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा झाली, आणि १८७७ च्या अखेरीस तो सुटला. १८७९ सालीं ‘लँड लीग’ स्थापन झाली, तेव्हां तिच्या अध्यक्षपदीं पार्नेल होता. हाहि १८४६ चाच जन्मलेला. पण जमीनदाराचा मुलगा, आणि केंब्रिजला जाऊन पदवीवांचून परतलेला. पदवी दोघांसहि नव्हती. परंतु विद्येची भूक कोणास अधिक होती, हें सांगावयास नको.

ती भूक पाहावयाची असेल तर डेव्हिटचा १८८५ सालीं प्रसिद्ध झालेला, ‘कारागृहांतील रोजनिशीचीं पानें’ अशा अर्थाच्या नांवाचा ग्रंथ वाचावा. १८८१ सालीं तो पुन्हा पोर्टलंडच्या तुरुंगांत पडला असतां तेथील अधिकाऱ्यानें त्यास एक काळा गाणारा पक्षी पाळूं दिला. त्या पक्ष्यास श्रोता कल्पून दिलेलीं व्याख्यानें, असें या ग्रंथाचें स्वरूप आहे. पूर्वार्धांतील चोरभामट्यांचीं वर्णनें इतकीं मार्मिक व निर्वैर आहेत कीं, लेखकानें त्या लोकांत वर्षानुवर्षें काढलीं याचा विसर पडावा. उत्तरार्धांत मात्र गुन्ह्यांचीं कारणें, लोकशिक्षण, जमीन, आयर्लंडचें राज्यतंत्र अशा अनेक विषयांचा भार त्यानें वाचकावर घातला आहे. स्वकष्टानें शिकलेल्या माणसाचा हा नेहमींचा दोष. मिळविलेलें सर्व एकदम देऊन टाकल्याशिवाय त्यास चैन पडत नाहीं.

चरित्रकारांपैकीं शीही-स्केफिंग्टनचें १९०८ चें पुस्तक भक्तिभावानें लिहिलेलें असून त्याचा ओढा नायकाच्या चळवळींकडे आहे. टी. डब्ल्यू. मूडी या इतिहासकाराचा १९८१ चा विस्तृत ग्रंथ १८८२ पाशींच थांबतो, हें वैगुण्य खरें. पण हॅस्लिंग्डनच्या वर्षांस त्यानें दिलेली जागा पाहतां तें क्षम्य ठरतें. बालपण ही त्याच्या दृष्टीनें नायकाची प्रस्तावना नव्हे, इतिहासच आहे.

आपल्या मुलांच्या हातीं थोरांचीं चरित्रें देणाऱ्या आईबापांस आमची एवढीच विनंती आहे कीं, गिरणींतील अपघाताचें पान वाचून दाखवाल तेव्हां पुढचें पान गाळूं नका. त्या पानावर एक शाळा आहे, एक रात्रीचा वर्ग आहे, आणि परक्याच्या मुलास आंत घेणारीं कांहीं साधीं माणसें आहेत.