गिटारवादकाचे गुरुकुल : हिंदुस्थानी गिटारवादनातील प्रभावपरंपरेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

एखाद्या वादकाच्या जडणघडणीचा विचार करताना त्याच्यावर कोणत्या वादकांचा प्रभाव पडला, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. पाश्चात्य गिटारवादनाच्या संदर्भात या प्रश्नाचे उत्तर बहुधा गिटारवादकांच्याच नामावलीने दिले जाते. तेथे वाद्याची स्वतःची वंशावळ सिद्ध झालेली आहे. हिंदुस्थानी संगीतात गिटार वाजविणाऱ्यांना मात्र हाच प्रश्न विचारला असता उत्तर निराळे मिळते. त्यांच्या घडणीवर ठसा उमटविणारे कलावंत सरोदिये आहेत, सतारिये आहेत, गायक आहेत. गिटारवादक मात्र त्यांत अपवादानेच आढळतात. ही उणीव समजावी की सामर्थ्य, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आखाडा बाळापूरसारख्या गावात गिटार विकत घेणे आज अवघड राहिलेले नाही. शिक्षक मिळणे मात्र अवघड आहे. ज्या वाद्याचा जाणकार पंचक्रोशीत नाही, त्या वाद्याच्या विद्यार्थ्याने स्वतःला परंपराहीन समजावे काय? हिंदुस्थानी गिटारच्या अर्धशतकाहून अधिक काळाच्या वाटचालीत या शंकेचे उत्तर सापडते.

वाद्याचा प्रवास आणि सरकत्या स्वराचे आकर्षण

भारतात रागसंगीतासाठी स्वीकारली गेलेली गिटार ही मुळात हवाईयन गिटार होय. तारांवर बोटे दाबण्याऐवजी पोलादी कांडी सरकवून स्वर काढण्याची ही पद्धती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रूढ झाली. तिचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यांना दिले जाते. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताची लाट अमेरिकेत पसरली आणि पुढे फिरत्या कलावंतांबरोबर ती आशिया खंडातही आली. ताऊ मो हे अशा कलावंतांपैकी एक. १९४० च्या दशकात त्यांचे वास्तव्य कलकत्त्यात होते. तेथे गार्नी निस यांच्यासारखे वादक त्यांच्या सहवासात तयार झाले. कलकत्ता हे भारतातील हवाईयन गिटारचे पहिले मोठे केंद्र ठरले, ते या पार्श्वभूमीवर.

हे वाद्य भारतीय कानाला परके वाटले नाही, यामागे एक सांगीतिक कारण आहे. पडद्यांच्या साध्या गिटारवर स्वरांच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. सप्तकाचे बारा समान भाग करून बसविलेल्या त्या जागांमध्ये भैरव अंगाचा आंदोलित कोमल रिषभ मोकळेपणाने मावत नाही. तार बाजूला खेचून काही अंशी मींड घेता येते, परंतु तिला मर्यादा पडतात. पोलादी कांडी पडद्यांवर दाबली जात नाही. ती तारेवरून तरंगत जाते. त्यामुळे दोन स्वरांमधील सारी वाट वादकाला खुली होते. विचित्र वीणेवर काचेचा गोळा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्यावर लाकडी दांडा याच रीतीने फिरविला जातो. म्हणजेच वाद्य परदेशी असले, तरी त्याची क्रिया भारतीय संगीताच्या परिचयाची होती.

तथापि परिचय म्हणजे प्रतिष्ठा नव्हे. हवाईयन गिटारचा देशभर प्रसार झाला तो चित्रपटगीतांच्या धुनांतून. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या ध्वनिमुद्रिका रेडिओवरून खेड्यापाड्यांत पोहोचल्या. गीताचे शब्द वगळून केवळ चाल वाजवायची, असे त्यांचे स्वरूप होते. या वादनातील सफाई आणि गोडवा नाकारण्याचे कारण नाही. तरीही धून ही बांधलेली असते आणि राग उलगडावा लागतो. गिटारने हा उंबरठा ओलांडला तो ब्रिजभूषण काबरा यांच्या वादनात.

जोधपूरचा प्रयोग : सरोदकडून गिटारकडे

ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांचा जन्म जोधपूरचा. घरात संगीताचे वातावरण होते. वडील सतारीचे अभ्यासक, तर थोरले बंधू दामोदरलाल काबरा हे उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य व सरोदवादक. स्वतः अली अकबर खाँ १९४० च्या दशकात जोधपूर दरबारात होते. अशा घरातील मुलाने सतार वा सरोद हाती घेणे स्वाभाविक होते. काबरा यांनी हवाईयन गिटार निवडली. या निवडीला वडिलांची संमती मिळाली ती गिटारवर शास्त्रीय संगीतच वाजवायचे या अटीवर, असे सांगितले जाते. पुढे अली अकबर खाँ यांनीच त्यांना तालीम दिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अली अकबर खाँ यांना गिटार येत नव्हती; गिटारवर बोट कुठे ठेवावे हे ते शिष्याला सांगू शकत नव्हते. त्यांनी शिकविला तो राग. आलापात एका स्वराभोवती किती काळ थांबावे, जोडात लय कशी धरावी, गतीत आघातांची वाटणी कशी करावी, हे सरोदच्या भाषेत सांगितले गेले आणि शिष्याने ते गिटारच्या भाषेत उतरवून घेतले. या उतरविण्यातच काबरा यांची प्रतिभा प्रकट झाली. सरोदचा आघात ठसठशीत असतो, परंतु स्वराची आस लवकर विरते. गिटारच्या तारेचा स्वर दीर्घकाळ रेंगाळतो, मात्र द्रुत लयीत कांडी जड होते. काबरा यांनी या दोन्ही गोष्टी ओळखून आलाप व विलंबित लय यांवर भर दिला. वाद्यातही त्यांनी फेरफार केले. तारा पट्टीपासून उंच उचलल्या आणि चिकारीच्या धर्तीवर झंकारासाठी स्वतंत्र तारेची सोय केली.

त्यांच्या वादनाला मर्यादाही होत्या. तानक्रियेत सतारीची चपळाई तेथे आढळत नाही आणि तरफांच्या अभावी नादाला येणारा भरीवपणा कमी पडतो. परंतु वाद्याने जे सहज दिले त्यावरच इमारत उभी करण्याचा विवेक त्यांनी दाखविला.

एक ध्वनिमुद्रिका आणि तीन कलावंत

काबरा यांचे नाव सर्वदूर पोहोचले ते १९६७ मधील ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेमुळे. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर असा हा मेळ होता. एच.एम.व्ही.चे जी. एन. जोशी हे तिचे निर्माते. विदर्भातून आलेल्या जोशी यांनी १९३२ मध्ये ना. घ. देशपांडे यांची कविता गाऊन मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रणाचा पाया घातला होता. कवितेला ध्वनिमुद्रिकेच्या मापात बसविण्याची त्यांची दृष्टी येथे रागसंगीताला लाभली, असे म्हणता येईल. काश्मीरच्या दरीतील मेंढपाळाच्या जीवनातील एक दिवस अशी कल्पना योजून अहिरभैरव, नटभैरव, पिलू, भूप, देस, पहाडी हे राग प्रहरांनुसार गुंफण्यात आले.

या ध्वनिमुद्रिकेची चर्चा आजवर तिच्या लोकप्रियतेच्या अंगाने अधिक झाली. तिच्यातील कलावंतांची गुरुपरंपरा पाहिली असता एक महत्त्वाचे साम्य दिसून येते. शिवकुमार शर्मा यांचे गुरू म्हणजे त्यांचे वडील उमादत्त शर्मा. ते गायक व तबलावादक होते. हरिप्रसाद चौरसिया यांच्या घडणीला निर्णायक वळण दिले ते अन्नपूर्णादेवी यांनी. त्या सूरबहार वाजवीत. काबरा यांचे गुरू सरोदिये. तिघांपैकी एकालाही अंतिम संस्कार स्वतःच्या वाद्याच्या वादकाकडून मिळालेला नाही. अन्नपूर्णादेवी व अली अकबर खाँ ही बाबा अलाउद्दीन खाँ यांची अपत्ये. म्हणजे बासरी व गिटार यांची मुळे मैहरच्या एकाच अंगणात पोहोचतात. अनेक वाद्यांवर हुकमत असलेल्या बाबांच्या तालमीत वाद्य दुय्यम आणि रागविचार प्रधान होता, हे त्यामागील कारण होय.

असे असूनही या ध्वनिमुद्रिकेने गिटारचे पूर्ण भले केले असे म्हणता येत नाही. वर्णनपर रचनेत रागाचा विस्तार थोडक्यात आटोपावा लागतो. परिणामी प्रसन्न, सुखद, निसर्गचित्राला साजेसे वाद्य अशी गिटारची प्रतिमा रसिकांच्या मनात पक्की झाली. संतूर आणि बासरी पुढे मैफलीच्या बळावर या प्रतिमेतून बाहेर पडल्या. गिटारला त्यासाठी पुढील पिढीची वाट पाहावी लागली.

मोहनवीणा : नाव आणि कुळ

जयपूरचे विश्वमोहन भट्ट (जन्म १९५०) यांचे बंधू शशिमोहन भट्ट हे पंडित रविशंकर यांचे शिष्य होते. पुढे विश्वमोहन यांनाही रविशंकर यांची तालीम लाभली. म्हणजे येथेही प्रभाव सतारीचा. भट्ट यांनी गिटारला चिकारीच्या आणि तरफांच्या तारा जोडल्या, तिच्या नादाला भरीवपणा आणला आणि द्रुत लयीतील तंतकारी तीवर आणली. काबरा यांनी वाद्याच्या स्वभावाला मान दिला. भट्ट यांनी तो स्वभावच बदलून घेतला.

या वाद्याला त्यांनी ‘मोहनवीणा’ असे नाव दिले. याच नावाचे एक वाद्य सरोदिये राधिकामोहन मोइत्र यांनीही त्यापूर्वी सिद्ध केले होते. नाव कोणाचे, या वादापेक्षा ‘वीणा’ या शब्दाचा आधार का घ्यावासा वाटला, हा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. नामदेवांच्या नर्सीचा वारसा सांगणाऱ्या हिंगोली परिसरात त्याचे उत्तर वेगळे शोधावे लागत नाही. दिंडीत ज्याच्या गळ्यात वीणा असते त्याला माउलीचा मान मिळतो. वीणेकरी बदलतो, वीणा खाली टेकत नाही. ‘वीणा’ हा शब्द वाद्याबरोबर अधिकारही सुचवितो. परक्या वाद्याला हे नाव देणे म्हणजे त्याला कुळात घेणे होय. तथापि नावाने मिळालेले कुळ वादनाने सिद्ध करावे लागते, आणि भट्ट यांच्या बाबतीत ते सिद्ध झाले ते नावामुळे नव्हे.

१९९३ मध्ये प्रकाशित झालेला ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा त्यांचा राय कूडर यांच्यासमवेतचा संग्रह १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्काराचा मानकरी ठरला. फारशा पूर्वतयारीविना झालेल्या या वादनात कूडर यांची गिटार अमेरिकन ब्लूज संगीतातील सरकत्या स्वराची आहे. दोघांच्याही हाती एकाच कुळातील वाद्य, परंतु संस्कार भिन्न. कूडर यांच्यामागे ब्लाइंड विली जॉन्सन यांच्यासारखे गिटारवादक उभे आहेत. भट्ट यांच्यामागे सतार उभी आहे. म्हणूनच कूडर एका स्वराचा सूर जपत थांबतात आणि भट्ट तोच स्वर पुढे बढतीला नेतात. संग्रहातील एक रचना फिजी बेटांवरील लोकगीतावर आधारलेली आहे. प्रशांत महासागरातून निघालेला सरकता स्वर भारताचा संस्कार घेऊन त्याच महासागराकडे परतला, असा अर्थ तीतून निघतो.

गिटारवादकाचा गिटारवादक शिष्य

कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य (जन्म १९६३) यांच्या रूपाने या परंपरेत एक नवा टप्पा आला. त्यांनी काबरा यांच्याकडे दीर्घकाळ शिक्षण घेतले. हिंदुस्थानी संगीतातील श्रेष्ठ गिटारवादकाचा गुरू गिटारवादकच असल्याचे हे ठळक उदाहरण होय. मात्र त्यांनी अजय चक्रवर्ती यांच्याकडून कंठसंगीताचे मार्गदर्शनही घेतले आणि चतुरंगी, गांधर्वी, आनंदी अशी वाद्ये स्वतः घडविली. गिटारचा गुरू लाभल्यावरही गळ्याचा संस्कार त्यांना आवश्यक वाटला, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

उलट दिशेचे उदाहरण जॉन मॅकलॉफलिन यांचे. पाश्चात्य गिटारचे हे थोर वादक एस. रामनाथन यांच्याकडे वीणावादनाच्या पद्धतीचा अभ्यास करण्यास गेले. ‘शक्ती’ या वाद्यवृंदासाठी त्यांनी पडद्यांमधील लाकूड खोलगट केलेली गिटार वापरली, ती तार दाबून व खेचून मींड घेता यावी म्हणून. म्हणजे गिटारची समृद्ध वंशावळ पाठीशी असणाऱ्या कलावंतालाही रागविचारासाठी तिच्याबाहेर जावे लागले.

मराठी संगीतातील दाखले

मराठी रसिकांना हा अनुभव नवा नाही. पायपेटी हीदेखील परकीय. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला मज्जाव केला होता, तो स्वरांच्या ठरावीक जागांमुळेच. तरीही गोविंदराव टेंबे यांनी त्या पेटीतून गायकीचा प्रत्यय दिला. त्यांच्या सांगीतिक श्रद्धेची स्थाने भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँ ही होती, दोघेही गायक. व्हायोलिनवर वि. गो. जोग यांनी रागसंगीताला मैफलीची प्रतिष्ठा मिळवून दिली, तीही हिंदुस्थानी संस्कारांच्या बळावर. मराठवाड्यात नाथराव नेरळकर यांच्यासारख्या गायकांनी विद्यार्थी घडविले, त्या गायकीचा लाभ गाणाऱ्यांपुरता मर्यादित मानण्याचे कारण नाही. वाद्य परके असले तरी कान घरचा असला, तर संगीत घरचे होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. हिंदुस्थानी गिटारवादनावरील सर्वांत खोल प्रभाव गिटारवादकांचा नसून सरोद, सतार आणि कंठसंगीत यांचा आहे. पूर्वसूरींच्या अभावामुळे वादकाला दुसऱ्या वाद्याची भाषा उतरवून घ्यावी लागली आणि या उतरविण्यातूनच शैली जन्मल्या. काबरा यांची आलापप्रधानता, भट्ट यांची तंतकारी आणि भट्टाचार्य यांचे गायनमिश्रित वादन यांतील भेद हा वाद्याचा नसून स्वीकारलेल्या प्रभावाचा भेद आहे.

यातून एक धोकाही संभवतो. आज मोबाइलच्या पडद्यावर जगभरचे गिटारवादक विद्यार्थ्याला सहज भेटतात. त्यांचे हात पाहून हात चालविता येतात. परंतु काबरा यांना अली अकबर खाँ यांच्याकडून जे मिळाले ते हातांचे नव्हते. पाहून शिकलेले बोटांत राहते आणि ऐकून शिकलेले रागात उतरते, हा विवेक सुटला तर उपलब्धता वाढूनही घडण होणार नाही.

आखाडा बाळापूरच्या विद्यार्थ्याजवळ गिटारचा शिक्षक नसेल. भजनी मंडळातील जुन्या चाली जाणणारा गायक, पेटी वाजविणारा, काकड्याला भैरवाचे सूर लावणारा जाणता माणूस मात्र गावात असू शकतो. हिंदुस्थानी गिटारचा इतिहास असे सांगतो की, गिटारवादकाचे गुरुकुल तेथूनही सुरू होते.