शिट्टी आहे, टॉर्च आहे, म्हणजे घर सज्ज?

आपत्ती व्यवस्थापनावर प्रपोजल लिहायला घेतलं की पहिल्यांदा हाताशी येते ती चेकलिस्ट. घरात टॉर्च आहे का? शिट्टी, प्रथमोपचार पेटी, तीन दिवसांचं पाणी, कागदपत्रांच्या झेरॉक्स? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. बेरीज केली की कुटुंबाची ‘सज्जता’ तयार! माझा आक्षेप या बेरजेवर आहे.

डहाणू तालुक्यातलं वाणगाव घ्या. जवळच तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, १९६९ पासूनचा. बोईसरला एमआयडीसी, तिथे ११ जानेवारी २०२० रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन माणसं दगावली. शिवाय नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, आणि त्या दिवशी घाबरून बाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली.

आता बघा. भूकंपाचा धक्का थांबला की घराबाहेर मोकळ्या जागी यायचं. किरणोत्सर्गाचा इशारा मिळाला तर उलट घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या आणि सूचनेची वाट बघायची. वायुगळतीत घरात थांबायचं की वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं, हे प्रसंगावर ठरतं. एकाच घराने परस्परविरुद्ध गोष्टी करायच्या असतील, तर त्या सगळ्यांसाठी एकच स्कोअर कसा चालेल?

दुसरी अडचण. यादीतल्या बहुतेक वस्तू विकत घ्याव्या लागतात. म्हणजे आपण सज्जता मोजतोय की उत्पन्न? क्रॉनबाख अल्फा चांगला आला म्हणून खूश होऊ नका. सगळे प्रश्न मिळून पैसाच मोजत असतील, तरी तो चांगलाच येईल. धक्क्यांच्या काळात थंडीत तंबूत झोपलेली कुटुंबं या यादीत नापास होतील, आणि तरीही त्या रात्री योग्य निर्णय त्यांनीच घेतलेला असेल. अशा स्कोअरवरून प्रशिक्षण कुठे द्यायचं हे ठरलं, तर ‘लोकांना जाणीव नाही’ असा शिक्का त्यांच्यावरच बसतो.

आठवण ठेवायला यादी चांगलीच आहे. ती घरी जरूर ठेवा. पण मोजमाप करायचं तर प्रत्येक धोका वेगळा ठेवा आणि वस्तूंऐवजी कृती विचारा: सायरन वाजला तर पहिल्यांदा काय कराल? खरी सूचना कोण देईल? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोण उचलेल? दिवसपाळीला गेलेल्याशी संपर्क कसा होईल?

उत्तरं कोड करायला वेळ लागेल, हे खरंय. पण गाईडने ‘तू नक्की काय मोजलंस?’ विचारलं, तर सांगण्यासारखं काहीतरी असेल.