वस्तू, घर आणि घडविणारा हात : केळकर संग्रहालयाच्या मांडणीचा विचार

पुण्यातील राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयाविषयी बोलताना संग्राहकाच्या ध्यासाचा गौरव प्रथम होतो, आणि तो रास्तच आहे. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने काव्यलेखन करणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने सुमारे वीस हजार वस्तू जमविल्या, संग्रहाला अकाली निधन पावलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मात्र या आदरापोटी मांडणीची चिकित्सा मागे पडते.

येथील मांडणी मुख्यत्वे प्रकारवार आहे. समया, लामणदिवे एकत्र, अडकित्ते एकत्र, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे वेगवेगळे. सुपारी कातरण्याच्या एका साध्या कामासाठी कारागिराने मोर, घोडा, स्त्री-पुरुषाची जोडी असे किती आकार योजले, हे या पद्धतीमुळेच कळते. परंतु लामणदिवा कोणत्या घरात टांगलेला होता, तो कोणत्या ओताऱ्याने ओतला, हे प्रश्न मात्र कपाटाबाहेरच राहतात.

फ्रान्समधील नान्सी येथील संग्रहालयाशी तुलना उद्‌बोधक ठरते. यूजेन कोर्बें यांनी आपला संग्रह १९३५ मध्ये शहराला दिला आणि १९६४ पासून तो त्यांच्याच जुन्या घरात मांडला गेला. तेथे काच व फर्निचर गाले, दोम, माजोरेल या नावांनिशी पाहिले जाते. अर्थात, ते कारखानदार होते व आपल्या कामावर स्वाक्षरी करीत. आपल्या ओताऱ्याला ती सोय नव्हती. त्यामुळे दोष सर्वस्वी संग्रहालयाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही निनावीपण ही परंपरेची जन्मजात खूण मानून स्वस्थ बसणे अभ्यासकाला परवडणारे नाही.

कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल याच्या नेमका उलट आहे. येथे घर लाभते, पण मस्तानीच्या नावाचे वलय एवढे मोठे की लाकडावर कोरीव काम करणारा सुतार पुन्हा दृष्टीआडच जातो.

शिनोलीच्या पश्चिमेस डिंभे धरणाच्या जलाशयात आदिवासी गावे बुडाली. तेथील कणग्या, इरली, सुपे यांना कोणी ‘कलावस्तू’ म्हटले नाही. त्यांची नोंद आता कोणत्याही महाविद्यालयाने हाती घेतल्यास क्रम उलटा ठेवावा लागेल : आधी गाव, मग घर, मग विणणारा हात, आणि प्रकार सर्वांत शेवटी.