ऑपेराचें पहिलें दर्शन

ऑपेरा प्रथमच पाहणाऱ्या मराठी रसिकाची निराशा बहुधा आरंभींच होते. पात्रें बोलत नाहींत; गातात, आणि सतत गातात. निरोप द्यावयाचा तो गाऊन, भांडावयाचें तेंहि गाऊनच! शिवाय आलाप नाहीं, समेवर येण्याचा आनंद नाहीं. 'हें कसलें गाणें?' असा उद्गार निघाल्यास नवल नाहीं. मात्र तो सांगलीकडील गृहस्थाच्या तोंडून निघावा याची आम्हांस मौज वाटते. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हां गाणें होतें तें सूत्रधाराचें. पात्रें त्याच्या पदाच्या धोरणानें आयत्या वेळीं भाषण करीत. पद पात्रांच्या मुखीं आलें तें अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त, १८८० सालीं. म्हणजे चांगला बोलणारा माणूस मध्येंच कां गातो, हें कोडें आपल्याकडेहि होतेंच. संवयीनें तें विसरलें, इतकेंच.

आज ऑपेरा पाहण्यास विलायत गांठावी लागत नाहीं. चित्रमुद्रणें घरबसल्या पाहतां येतात. आमच्या मतें आरंभ व्हर्डीच्या 'ओटेल्लो'नें करावा. कथा शेक्सपिअरची, म्हणून परिचित. आणि आपल्याकडे तिला एक जोडहि आहे. मिलान येथें हा ऑपेरा १८८७ सालीं प्रथम झाला. व्हर्डी त्या वेळीं ७३ वर्षांचा होता. पुढें तीनच वर्षांनीं, १८९० सालीं, सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनीं त्याच कथेवर 'झुंझारराव' लिहिलें. तें गाजविलें शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनीं. शाहूनगर म्हणजे सातारा. एकीकडे सारेंच गाणें, दुसरीकडे निव्वळ गद्य!

ऑपेराचा चौथा अंक अवश्य लक्षपूर्वक ऐकावा. शय्यागृहांत डेस्डिमोना एका दुर्दैवी दासीचें वाळुंजाचें गाणें गुणगुणते. मध्येंच थांबते, वाऱ्याच्या आवाजानें दचकते, पुन्हा गाते. एमिलियेस शांतपणें निरोप देते, आणि ती वळते न वळते तोंच एकाएकीं आक्रोश करून तिला परत बोलावते. त्या एका हांकेंत मरणाची सारी चाहूल आहे. मग प्रार्थना होते. तिचा शेवटचा उंच, मंद सूर विरतो आणि ओटेल्लो आंत येतो, तो केवळ मोठ्या तंतुवाद्यांच्या खर्जाबरोबर. येथें टाळीस जवळजवळ जागाच ठेवलेली नाहीं. 'वन्समोअर' तर दूरच.

आमची तक्रार नेमकी येथें सुरू होते. 'मानापमान' (१९११) व 'स्वयंवर' (१९१६) या खाडिलकरांच्या नाटकांतील पदांस अनुक्रमें गोविंदराव टेंबे व भास्करबुवा बखले यांनीं ज्या चाली दिल्या, त्यांची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. बालगंधर्वांच्या गळ्याची तर नाहींच. खाडिलकरहि सांगलीचेच. परंतु त्याच पदास पुनःपुन्हा फर्माइश झाली कीं रुक्मिणी मागें राहते आणि मैफल पुढें येते. कृष्णास पत्र पाठविण्याची घाई कोणास आठवत नाहीं. ऑपेरांत प्रत्येक स्वर रचनाकारानें ठरविलेला; गवई त्याचा बांधील. आपल्याकडे गवई मोकळा. ही मोकळीक हें आपल्या संगीताचें वैभव खरें, पण तिची किंमत नाटकानें दिली आहे, आणि 'मराठी ऑपेरा' हें भूषणावह नांव संगीत नाटकास देणारे टीकाकार ती किंमत हिशेबांत धरीत नाहींत.

ही किंमत द्यावीच लागते असेंहि नाहीं. 'झुंझारराव' गद्यांत ठेवणाऱ्या देवलांनींच १८९९ सालीं 'शारदा' दिलें. तेथील पदें साधीं, आटोपशीर. म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधली जाणारी ती मुलगी गाते तेव्हां तिचें दुःखच ऐकूं येतें, गायिकेची तयारी नव्हे. 'ओटेल्लो'चा चौथा अंक पाहिल्यावर कोणी हौशी मंडळीनें 'शारदा' केलें तर जाऊन पाहावें, आणि तेथें मात्र 'वन्समोअर' देऊं नये.